पन्नास हजार लुमेनची थाप

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी एका व्याख्यानात ऐकलेलं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. वक्ते म्हणाले, "अडीचशे रुपयांत शेतकऱ्याला उजेड मिळतोय, मग बॅटरी असली की नकली याची उठाठेव कशाला?" पुढचं म्हणणं असं: उजेड तो उजेडच. नावाजलेल्या कंपनीच्या टॉर्चचे पाच-सहा हजार म्हणजे निव्वळ नावाचे पैसे. नकलीमुळेच वस्तू गरिबाच्या हातात आली. आणि मीटर लावून बॅटऱ्या तपासणं हा पोट भरलेल्यांचा छंद. टाळ्या पडल्या. माझे हात मात्र उठले नाहीत. नेमकी तशीच एक नकली बॅटरी मी तीन आठवडे घरी आणि शिवारात तपासत होतो, आणि तिने मला जे दाखवलं ते त्या टाळ्यांत बसत नव्हतं.

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. तशीच भाषा इथे वापरतो.

नकली बॅटरी आठवडे बाजारातून दोनशे साठ रुपयांना घेतली. असली माझ्या भाच्याची, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या वाटांसाठी त्याने घेतलेली. शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. तोच काळा रंग, तीच बोटं रुतायला कोरलेली नक्षी, काचेभोवती तेच कंगोरे. फरक छापील आकड्यांत. असलीवर लिहिलंय १००० लुमेन. नकलीवर ५०,०००. म्हणजे जिची नक्कल केली तिच्यापेक्षा पन्नास पट.

माझा सगळा राग या आकड्यावर आहे. वक्त्यांना तो क्षुल्लक वाटतो. मी हायस्कूलला तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मला तो क्षुल्लक वाटत नाही. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन उजेड देतो. पन्नास हजार लुमेन म्हणजे असे पंचावन्न बल्ब. एखाद्या लग्नाच्या मांडवाचा उजेड एका मुठीत मावतो असं ही छपाई सांगते. बरं, मावला असं धरू. पंचावन्न बल्बांना वीज लागते पाचशे वॅटच्या आसपास. नकलीत सेल एक, १८६५० नावाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापाचा उत्तमातला उत्तम सेल साडेतीन हजार एमएएचच्या घरात असतो. त्याला ३.६ व्होल्टने गुणलं की साडेबारा वॅट-तासांची वीज झाली. पाचशे वॅटने ती उपसली तर दीड मिनिटात सेल रिकामा. शिवाय पाचशे वॅट म्हणजे त्या इवल्या सेलमधून सव्वाशे अँपिअरच्या वर प्रवाह. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीलाही एवढा लागत नाही.

यावर कुणी म्हणेल की मास्तर, उद्या चांगली एलईडी निघेल, कमी विजेत जास्त उजेड देईल. निघेल, पण त्यालाही हद्द आहे. एका वॅटमधून जास्तीत जास्त ६८३ लुमेन निघू शकतात, तेही फक्त एका विशिष्ट हिरव्या रंगात. ही हद्द कुठल्या कंपनीने ठरवलेली नाही. डोळ्याची संवेदनशीलता आणि लुमेनची व्याख्या यांतूनच ती येते. ती गाठणारा दिवा बनवला, शिवार सगळं हिरवं दिसलं तरी चालेल म्हटलं, तरी पन्नास हजार लुमेनला त्र्याहत्तर वॅट लागतील आणि सेल दहा मिनिटांत संपेल. पांढऱ्या उजेडाची हद्द त्याहून बरीच खाली आहे. म्हणजे ही छपाई अतिशयोक्तीही नव्हे. नववीच्या मुलाला गुणाकार-भागाकाराने खोटी ठरवता यावी अशी ही थाप आहे, आणि ती हजारो घरांत पोचली आहे.

सेलवरही तेच. त्यावर छापलंय ९९०० एमएएच. सोनाराच्या तराजूवर ठेवला. या मापाचा खरा सेल पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो. हा तिशीच्या आत राहिला. सेलची वीज त्याच्या आतल्या मालात असते. माल नसेल तर वजन नाही, आणि वजन नसेल तर वीज कुठून येणार?

आता वक्त्यांचा लाडका मुद्दा, की उजेड डोळ्यांना दिसतो, मीटर कशाला. डोळ्याला मिनिटभराचा उजेड दिसतो, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुकानदाराने बटण दाबल्यावर. २००९ साली अमेरिकेत टॉर्च बनवणाऱ्यांनीच एकत्र बसून एफएल-१ नावाचं प्रमाण ठरवलं. कारण तेव्हा तिकडेही प्रत्येक जण मनाला येईल तो आकडा छापत होता. त्या प्रमाणात उजेड मोजायचा तो बटण दाबल्यावर तीस सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान, चमक ओसरल्यावर. चालण्याची वेळ धरायची ती उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत. आणि उजेड किती लांब जातो हे सांगताना चांदण्याएवढा, म्हणजे पाव लक्स, उरेल तिथे अंतर थांबवायचं. नकलीच्या खोक्यावर 'रेंज २ किलोमीटर' आहे. या हिशोबाने तिच्या झोताची तीव्रता दहा लाख कँडेला लागेल. मी तिला घेऊन बांधावर उभा राहिलो. दोनशे पावलांवरचा बाभळीचा बुंधा ओळखू आला नाही.

कोठीच्या खोलीत चुना दिलेल्या छताकडे तोंड करून दोन्ही उभ्या केल्या आणि एकाच जागी ठेवलेल्या एकाच फोनने छतावरून परतणारा उजेड मोजला. फोनचे आकडे प्रयोगशाळेचे नव्हेत हे मला कळतं. पण दोघींना एकाच काट्यावर तोललं तर जड कोण, हलकी कोण, एवढं तरी कळतंच. पहिल्या मिनिटाला नकलीचा उजेड असलीच्या पाचव्या हिश्श्याएवढा होता, आणि तासाभराने ती निरांजनाशी बरोबरी करत होती. उघडून पाहिलं तर एलईडीची चकती प्लॅस्टिकवर चिकटवलेली. तिची उष्णता बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमपर्यंत पोचायला वाटच नाही. सेलचा दाब उतरेल तसा उजेड सांभाळून घेणारं सर्किटही नाही. बाहेरून जे दिसतं तेवढ्याचीच नक्कल झाली होती.

याच वक्त्यांशी माझा एक जुना वाद आहे. तो सांगतो, कारण तो इथे लागू पडतो. संकलन केंद्रावर दुधाचं फॅट मोजणारं यंत्र नवं आलं तेव्हा ते म्हणत होते की यंत्र रोज सकाळी शेतकऱ्यांसमोर तपासल्याशिवाय एक लिटर दूध घालायचं नाही. मी उलट बाजूला होतो. यंत्रावर विश्वास ठेवा, शंका काढत बसलात तर दूध नासेल, असं मी भर सभेत म्हणालो होतो. ते बरोबर होते, मी चुकलो होतो. पॉइंटभर फॅट कमी दाखवलं तर महिन्याला किती पैसे जातात हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं होतं. उसाच्या काट्यावरही तेच म्हणत आले, गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोला. ज्या जिल्ह्यात मापातल्या पापावर इतकी भांडणं झाली, तिथे उजेडाच्या मापाला तेच गृहस्थ उठाठेव म्हणतात. दुधाचं माप खरं हवं आणि उजेडाचं खोटं चालेल, हे कुठल्या न्यायाने?

उजेडाचं माप चुकलं तर पैशांपेक्षा मोठं काही जातं, म्हणून हा राग. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०१७ सालच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीत झाला. दिवसा लाइट मिळावी हाच तिचा हेतू. तरी रात्रीची पाळी अजून सगळ्यांची सुटलेली नाही. रात्री एक वाजता मोटर चालू करून उसात दारं धरायला जाणाऱ्या माणसाच्या एका हातात फावडं असतं, दुसऱ्यात बॅटरी. उसात बिबट्या असतो. अकोल्यापासून नेवाशापर्यंत कुणालाही विचारा. पण मला जास्त भीती पायाखालची वाटते. मण्यार आणि घोणस जास्त करून रात्री फिरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यातली होती.

म्हणून शेवटची तपासणी सरीत केली. तोडणी झालेल्या तुकड्यात, पाचटात, पंधरा पावलांवर काथ्याच्या दोरीचं वेटोळं ठेवलं. सालगड्याला जागा सांगितली नाही. असलीच्या उजेडात त्याने ते लगेच दाखवलं. नकलीच्या उजेडात तो दोन हातांवर आला आणि म्हणाला, "नाना, कुठं ठेवलीय?" कारण नुसता कमी उजेड नव्हे. पांढरी एलईडी मुळात निळी असते. त्या निळ्या एलईडीसाठी २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना मिळालं. तिच्यावर पिवळा थर देऊन उजेड पांढरा दिसतो. थर स्वस्तातला असला की उजेड निळसर पडतो, त्यात तांबड्याची वाण राहते आणि तपकिरी पाचट, तपकिरी दोरी, तपकिरी घोणस सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. वेदान्तात अंधारात दोरीचा साप होतो. इथे बॅटरी लावून सापाची दोरी होते, आणि माणूस तिच्यावर पाय देतो.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. नावाचे पैसे असतात, मान्य, पण सगळे नावाचे नसतात. पाण्याचं म्हणाल तर असली रात्रभर पाटात पडली तरी चालली, नकली पौषातल्या दहिवरानेच बंद पडली. आणि बाजारात नकलीच्या शेजारीच विकायला असतात त्या दोन पिना थेट बोर्डात खोचायच्या बॅटऱ्या. त्यांतल्या कित्येकींत ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कपॅसिटर प्रवाह रोखतो इतकंच. चार्जिंगला असताना त्यांच्या आतला प्रत्येक तुकडा घरच्या विजेला जोडलेला असतो. ओल्या हाताने त्यांना शिवू नका. हे वाक्य कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठ्याने सांगायला हवं.

गरिबाच्या हातात वस्तू आली, हा मुद्दा राहिला. याच मुद्द्याने मला सगळ्यात जास्त दुखवलं. गरिबाच्या हातात खोटी वस्तू आली. ती चार महिन्यांत फेकून तो दुसरी घेतो, मग तिसरी. पाच हजारांची बॅटरी त्याने घ्यावी असं मी म्हणतच नाही. आमच्या वडिलांच्या पितळी तीन सेलच्या बॅटरीवर कुठला आकडा नव्हता, उजेड पिवळा आणि जेमतेम होता, पण जे नाही ते आहे असं ती सांगत नव्हती.

मग घ्यावं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही. ज्या बॅटरीवर दोन-चारशे लुमेन लिहिलंय तिच्यावर पन्नास हजारवालीपेक्षा आधी विश्वास ठेवा. सेल बाहेर काढून हातात तोला, त्यावर आयएस १६०४६ आणि नोंदणीचा क्रमांक आहे का पाहा. दुकानात नव्हे, घरी अंधारात तासभर लावून ठेवा, आणि परत करायची बोली करूनच पैसे द्या. खोकं जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला शिक्षा आहे आणि खोक्यावरची छपाई हाच पुरावा असतो.

सालगड्यासाठी मी नवी घेतली, साडेनऊशेला, ३५० लुमेनची. तिच्यावर लिहिलेली वेळ चार तास. आम्ही कोठीत लावून पाहिली, तीन तास पन्नास मिनिटं भरली. सेलवर खिळ्याने तारीख न कोरता शाईने लिहिली आहे, कारण सेलला ओरखडा चालत नाही. काल रात्रीच्या पाळीला ती घेऊन तो दोन वाजता गेला आणि सहाला आला, तेव्हा ती दाराशी ठेवताना अजून लागत होती.