गायरानाची माती साक्षीला आहे



2015 पासून गावोगाव माती आरोग्य पत्रिका वाटली जाते. ती देताना साहेब मंडळी हमखास ऐकवतात, तुमच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी, तुम्हीच माती मारली. अर्ध्या टक्क्याच्या आत कर्ब म्हणजे कमी, हे आम्हीही शेतकी कॉलेजात पाठ केलं होतं. तो कमी का झाला, ते मात्र पत्रिकेत छापत नाहीत.

नायगावकडे बांधाच्या एका अंगाला कापूस-ज्वारी आणि दुसऱ्या अंगाला गायरानातलं राखलेलं गवत, अशा जागा अजून सापडतात. काळी जमीन तीच, पाऊस तोच. दोन्हीकडचं एकेक वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या पेल्यात सोडा. शेतातलं बघता बघता विरतं. गवताखालचं बराच वेळ धरून राहतं. मारवेल-पवन्याची मुळं बारा महिने जमिनीत असतात. जुनी मरतात, नवी फुटतात. मुळांचा चिकट रस आणि बुरशीचे तंतू मातीचे कण बांधून ठेवतात, मधल्या भोकांतून पाऊस आत मुरतो. नांगरटीने, वखराच्या पाळ्यांनी ही बांधणी फुटते, आतला कर्ब उघडा पडतो आणि जिवाणू तो खाऊन टाकतात. वर पऱ्हाटी चुलीला, कडबा गोठ्याला. शेताला उरतात धसकटं.

इथवर साहेबांचं खरं. आता हिशेब करू. एकराचा वरचा 15 सेंटीमीटर थर सुमारे 8 लाख किलो भरतो. कर्ब 0.1 टक्का वाढवायचा तर 800 किलो कर्ब मातीत टिकवावा लागतो, आणि शेणखतातला बराचसा कर्ब हवेत उडून जातो. म्हणजे वर्षानुवर्षं गाड्याच्या गाड्या शेणखत. आणायचं कुठून? 2015 च्याच गोवंश कायद्याने म्हातारा बैल विकायची वाट बंद केली. जो विकता येत नाही तो पाळणार कोण? हमीभावाच्या हिशेबात अवजारांची झीज धरतात, मातीची धरत नाहीत. मग माती मारली कोणी?

आता साक्षीदारही चालला आहे. 2023 पासून सौर कृषिवाहिनीच्या नव्या टप्प्यात गायरानंही सौर प्रकल्पांना दिली जातात. दिवसाची वीज आम्हाला हवीच, रात्री साप-विंचवात मोटार चालू करायला आम्हीच जातो. भूमिहीनांनी पोटासाठी कसलेल्या गायरानावरही आमचा रोख नाही. पण उरलेल्या गवताला 'पडीक' म्हणू नका. तुडवलेलं, उघडं पडलेलं गायरान कधी शेताहून घट्ट असतं, हेही कबूल. म्हणूनच ग्रामसभेत ठराव घ्या: गायरानाचा एक कोपरा चराईबंद, गवत कापून न्यायचं, आणि तिथल्या मातीचा नमुना शेताच्या नमुन्याबरोबरच तपासायचा.

पुढच्या बैठकीला दोन ढेकळं घेऊन या. पेले आम्ही आणतो.