भूल उतरल्यानंतर

शस्त्रक्रियेनंतर आजोबांनी डोळे उघडले, मुलाला नावाने हाक मारली आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. रात्री मात्र ते विचारू लागले, “ही धर्मशाळा कोणत्या गावची?” असा प्रसंग अनेक घरांत घडतो.

भुलीतून मेंदू एकदम जागा होत नाही. प्रथम श्वास, खोकणे, गिळणे या मूलभूत क्रिया सावरतात. मग हाकेला प्रतिसाद मिळतो. स्थळकाळाचे पुरते भान त्यामागून येते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ३० निरोगी स्वयंसेवकांना तीन तास गाढ भूल देण्यात आली. जाग आल्यावर साधारण तीन तासांत त्यांची आकलनशक्ती पूर्ववत झाली. उतारवयात मात्र शस्त्रक्रियेचा ताण, वेदना, निद्रानाश व काही औषधे यांमुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत संभ्रम उद्भवू शकतो. तो बहुधा तात्पुरता असतो. तरी दुर्लक्ष करू नये.

बडबड, चिडचिड चटकन ध्यानी येते. सुस्त, गप्प पडून राहणे मात्र ‘विश्रांती’ समजले जाते. तोही संभ्रम असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना किंवा परिचारिकेला त्वरित सांगावे.

विस्मरण, झोपेच्या गोळ्या, मद्यपान यांची माहिती भूलतज्ज्ञांना आधीच द्यावी. शुद्ध आल्यावर त्यांच्या अनुमतीने चष्मा व श्रवणयंत्र लावावे. वार, वेळ, ठिकाण शांतपणे सांगावे. वाद घालू नये. दिवसा उजेड, रात्री निवांत झोप आणि उशाशी ओळखीचा आवाज, हे या दिवसांतले मोठे आधार होत.