नापासाच्या शिक्क्यावर उपाय

२००८ च्या सहाव्या वेतन आयोगानंतर चतुर्थ श्रेणी गेली आणि खलाशाच्या जागेलाही दहावी वा आयटीआय लागू लागली. मग गणितात अडकलेल्या पोराने जायचे कुठे? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा घेते. दहावी पाच विषयांत होते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. तेथे गणित सोडता येते, पण सोडू देऊ नका. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत गणित व इंग्रजी लागतेच. नुसता कागदही पुरत नाही. हिशेब, अर्ज भरणे, कामावरची सुरक्षितता हेही शिकवले पाहिजे. प्रत्येक शाखेने आपले कार्यालय संध्याकाळी दोन तास या मुलांसाठी उघडावे. निवृत्त साथी शिकवतील. सुरुवात आपण करू या.