अंधाराला अर्धा तास द्या

अशी कल्पना करा. मे महिन्याच्या उकाड्यातून सुटका म्हणून आपण मुलीकडे, अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मुक्कामास गेला आहात. रात्रीचे दहा वाजून गेले आहेत. गोळ्या घेऊन आपण नुकतेच अंथरुणावर आडवे होत आहात, इतक्यात मागच्या अंगणातून नातवाची हाक येते, ‘‘लवकर बाहेर या, नॉर्दर्न लाइट्स दिसतायत!’’ आपण चपला चाचपत, भिंतीचा आधार घेत बाहेर येता. नातवाच्या मोबाइलवर आकाश गुलाबी, तांबडे झालेले असते. आपण मान वर करून पाहता, तर समोर नुसता काळोख. ‘‘दिसलं का?’’ सगळे एका सुरात विचारतात. त्यांचा हिरमोड नको म्हणून आपण म्हणता, ‘‘हो, फार सुंदर आहे.’’

मग आत येऊन पुन्हा पडल्यावर झोप लागत नाही. सर्वांना दिसले ते आपल्याला दिसले नाही, ही बोच मनात राहते. त्या खोट्या ‘हो’विषयी आणि तो म्हणावा लागू नये यासाठी काय करता येईल, याविषयी आज बोलू.

दक्षिणेतला हा पाहुणा

ध्रुवीय प्रकाश म्हटला की नॉर्वे, आइसलँड, अलास्का यांची नावे आठवतात. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांच्या आसपासच्या वातावरणात उतरतात. तेथील ऑक्सिजन व नायट्रोजन त्यांच्या आघाताने उजळतात. मात्र सूर्यावर मोठा उद्रेक झाला, की प्रकाशाचे हे कडे पसरत विषुववृत्ताच्या दिशेने खाली सरकते. १० मे २०२४ रोजी असेच झाले. ते भूचुंबकीय वादळ सर्वोच्च श्रेणीचे होते. त्या श्रेणीचे वादळ ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच आले होते. त्या रात्री टेक्सास, फ्लोरिडा आणि मेक्सिकोपर्यंत हा प्रकाश पोहोचला. आपल्या लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असलेल्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यानेही त्याची तांबडी आभा टिपली.

मुंबईकरांना हा पाहुणा अगदीच अपरिचित नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो मुंबईतून दिसल्याची नोंद तेव्हाच्या वृत्तपत्रात आहे, आणि कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांनीही त्या वादळाची नोंद घेतली होती. एरवी आपल्या अक्षांशावर हे दृश्य दुर्मीळच. परंतु मुलाबाळांकडे परदेशी गेलेल्या ज्येष्ठांना दक्षिणेकडच्या गावातही अशी रात्र लाभू शकते. त्या रात्री नेमके काय दिसते, हे आधी ठाऊक असलेले बरे.

मोबाइलला दिसते, डोळ्याला का नाही?

या प्रकाशातील हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर उमटतो, तर तांबडा त्याहून वर, २०० किलोमीटरच्या पुढे. दूर दक्षिणेतून पाहताना पृथ्वीच्या गोलाईमुळे खालचा तेजस्वी हिरवा भाग क्षितिजाआड राहतो आणि वरची तांबडी कडा तेवढी दिसते. डोंगरापलीकडे वणवा पेटावा आणि अलीकडच्या गावात ज्वाळा न दिसता नुसती आभा दिसावी, तसेच हे आहे.

आणि नेमका हा तांबडा रंगच अंधारात डोळ्याला सर्वांत कठीण. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी मंद प्रकाशातही काम करतात, मात्र त्यांना रंग कळत नाहीत आणि गडद तांबडा प्रकाश तर त्यांना जवळपास जाणवतच नाही. त्यामुळे फिकट ध्रुवीय प्रकाश कोणत्याही वयाच्या उघड्या डोळ्यांना बहुधा राखाडी, धुरकट पट्ट्यासारखा दिसतो. मोबाइलचा कॅमेरा मात्र काही सेकंद प्रकाश साठवत राहतो, म्हणून पडद्यावर रंग खुलतात. तेव्हा हे ध्यानात घ्या: प्रकाश फार तेजस्वी नसेल, तर नातवालाही तो गुलाबी रंग मोबाइलमध्येच दिसत असतो.

यात वयाची भर पडते. तारुण्यात अंधारात डोळ्याची बाहुली ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. उतारवयात ती ५ मिलिमीटरच्या आसपासच थांबते. नेत्रभिंग पिवळसर आणि दाट होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. शिवाय अंधाराला सरावण्यास तरुण डोळ्यांनाही २० ते ३० मिनिटे लागतात आणि वय वाढले की त्याहून अधिक. आपण उजेडाच्या खोलीतून उठून आलात, क्षणभर वर पाहिलेत, मग मोबाइलचा लखलखीत पडदा पाहिलात आणि पुन्हा वर पाहिलेत. इतक्यात काही दिसणे शक्यच नव्हते. तेव्हा दोष डोळ्यांना देऊ नका. त्यांना वेळच मिळाला नव्हता.

आधी खुर्ची, मग अंधार

परंतु या अर्ध्या तासाच्या अंधारातच ज्येष्ठांसाठी खरा धोका आहे. परके अंगण, ओलसर गवत, न दिसणारी पायरी, अर्धवट झोप आणि ‘लवकर या’ची घाई. खुब्याचे हाड मोडण्यास एवढे पुरे होते, आणि त्यानंतरचे महिने आयुष्याची दिशा बदलून टाकतात. म्हणून काळजीवाहू मंडळींनी एक क्रम कटाक्षाने पाळावा. प्रथम उजेडातच खुर्ची मांडावी, उजेडातच ज्येष्ठांना हाताला धरून तेथवर न्यावे, नीट बसवावे आणि त्यानंतरच दिवे मालवावेत. परततानाही आधी दिवा लावावा, मग उठावे.

खुर्ची हातांची, मागे किंचित कलणारी असावी. उभ्याने मान मागे टाकून वर पाहिल्याने अनेकांना भोवळ येते. घरातील दिवे मागे आणि उत्तरेकडचे मोकळे आकाश समोर येईल, अशी जागा निवडावी. मे महिना असला तरी रात्री स्वस्थ बसल्यावर गारवा अंगात शिरतो. शाल, कानटोपी आणि पायमोजे हाताशी असावेत. बाहेर जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. रक्तदाबाची औषधे सुरू असतील, तर उठताना आधी मिनिटभर सरळ बसावे, मग आधार घेऊन उभे राहावे. पायांत चपलांऐवजी घट्ट बसणारी पादत्राणे असावीत.

झोपेची गोळी घेतली असेल, तर त्या रात्री बाहेर पडण्याचा मोह टाळावा. छायाचित्रे सकाळी पाहता येतील. तसेच बाहेर बसायचे म्हणून इन्सुलिन, जेवण किंवा रात्रीचे औषध यांच्या वेळा पुढे ढकलू नयेत.

काही शंका हमखास मनात येतात. हा प्रकाश डोळ्यांना अपायकारक नाही. सूर्यग्रहणासारखा खास चष्मा येथे लागत नाही. सूर्याकडून आलेले कण वातावरणाच्या उंच थरांतच अडवले जातात, त्यामुळे जमिनीवर बसून पाहणाऱ्याला त्यांची बाधा होत नाही. पेसमेकर असलेल्यांनीही भिण्याचे कारण नाही. अशा वादळात जमिनीवरील चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल पृथ्वीच्या नेहमीच्या क्षेत्राच्या मानाने किरकोळ असतो. यंत्रावर परिणाम होण्याइतके बळ त्यात नसते.

आता पाहण्याची रीत. एकदा बसलात, की मोबाइल नको. कुणाला छायाचित्रे काढायचीच असतील, तर त्याने आपल्या पाठीमागे उभे राहून काढावीत. फिकट गोष्ट थेट रोखून पाहू नका. तिच्या किंचित बाजूला नजर ठेवा. दृष्टीच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्या कडेला असतात. म्हणून थेट नजरेला न दिसणारे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते.

न दिसणे हे लक्षणही असू शकते

एवढे करूनही आकाशातील ठळक तारेसुद्धा दिसत नसतील, तर मात्र ‘वयच झाले’ म्हणून विषय सोडू नका. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर बराच वेळ काहीच न दिसणे, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती वलये दिसणे, संध्याकाळी पायरीची कड न कळणे, बाजूने आलेल्या माणसाला धडकणे, या तक्रारींमागे मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे बिघडलेले दृष्टिपटल किंवा पीतबिंदूचा विकार असू शकतो. क्वचित ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरताही असते. यांतील मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो; काचबिंदूत मात्र गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून तो लवकर ओळखणे महत्त्वाचे. परदेशी प्रवासाच्या तयारीत दातांची आणि रक्तदाबाची तपासणी आपण करून घेता, त्यात बाहुली मोठी करून केलेली डोळ्यांची तपासणीही जोडा.

काळजीवाहू मंडळींना एक विनंती. ‘दिसलं का?’ असे विचारू नका. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे असतात, आणि ज्येष्ठ बहुधा आपल्याला बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘काय दिसतंय?’ असे विचारा. ‘धुरासारखं काहीतरी आहे’ किंवा ‘मला काहीच नाही दिसत’, दोन्ही उत्तरे तितक्याच सहजपणे ऐकून घ्या. त्यातून त्यांच्या डोळ्यांविषयी आपल्याला खरे काय ते कळेल.

आणि वाचकहो, हा सराव इथेही होऊ शकतो. महाराष्ट्रातील आपल्या गच्चीवरून ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता नाहीच म्हणावी. पण हिवाळ्यातील अमावास्येच्या आसपास, गावाबाहेरच्या काळोखात, कृत्तिकांचा तो लहानसा पुंजका शोधून पाहा. आधी खुर्ची, मग अंधार, मग अर्धा तास. प्रथम एक पुसट ठिपका दिसेल. नजर जरा बाजूला नेली, की त्यातले तारे सुटे होऊ लागतील. नातवंड शेजारी असेल, तर ते किती मोजते ते विचारा, आणि आपल्याला किती दिसले ते खरे सांगा. आकडा कमी असला, तरी तो आपला स्वतःचा असेल.