कमरेचा चाकू आणि गावचा लोहार

सहलीला निघालेल्या मुलांच्या कमरेकडे अलीकडे माझे लक्ष वारंवार जाते. पाठीवर पिशवी, पायात नवे बूट आणि कमरेला काळ्या म्यानात एक लांबलचक चाकू. पात्याच्या पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या बुडाशी होकायंत्र, मूठ उघडली की आत काड्या आणि मासे धरायचा गळ. या वस्तूला ‘सर्व्हायव्हल नाइफ’ म्हणतात, म्हणजे जीव वाचवणारा चाकू. जीव नेमका कशापासून वाचणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आपल्या सहली जातात हरिश्चंद्रगडावर, राजमाचीला, फार तर रतनगडावर. तेथे जिवावर बेतते ते पाय घसरल्याने, वाट चुकल्याने, पाण्यावाचून, किंवा धबधब्याखाली नको ते धाडस केल्याने. बिबट्याशी चाकूने झुंजण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर आलेली नाही. आलीच तर पैज बिबट्यावर लावणे शहाणपणाचे.

हे सारे थट्टेवारी नेण्याचा माझा हेतू नाही. रानात एक चांगला चाकू हवाच, या मताचा मी आहे. वाद आहे तो चांगला कशाला म्हणावे याचा. आणि आपल्यासारख्या, घरून येणाऱ्या पैशांत महिना काढणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कोठे मिळावा याचा.

प्रथम त्या पोकळ मुठीची गोष्ट. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट आला आणि रॅम्बोच्या हातातला करवती पाठीचा चाकू जगभर पोहोचला. चित्रपटासाठी तो जिमी लाइल नावाच्या अमेरिकन कारागिराने केला होता आणि त्याचे काम पक्के होते. नंतर बाजारात ज्या हजारो नकला आल्या त्यांची गोष्ट वेगळी. चाकू मोडतो तो बहुधा पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर. पात्याचे शेपूट मुठीत जितके लांब आणि रुंद जाईल तितका हा सांधा बळकट. मूठ पोकळ ठेवायची म्हटली की शेपटाला जागाच उरत नाही. ते बोटभर आत शिरते आणि एखाद्या स्क्रूवर किंवा चिकटवलेल्या डिंकावर तग धरते. लाकडावर दोन घाव पडले की पाते खुळखुळू लागते. म्हणजे काड्या ठेवायच्या सोयीसाठी आपण चाकूच गमावतो! काड्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतात की.

मिटणारा चाकू फळे कापायला उत्तम. पण त्याचा सगळा भार एका खिळ्यावर असतो, आणि त्या खाचेत चिखल नि भाताची शिते गेली की तो नीट मिटतही नाही, उघडतही नाही. म्हणून रानात जायचे तर न मिटणारी, सरळ पात्याची सुरी घ्यावी. तिची लांबी चार ते पाच इंच पुरे. हे माझे एकट्याचे तर्कट नव्हे. ‘नेस्मक’ या नावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स या अमेरिकन रानभटक्याने १८८४ साली ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी तिकडे जाडजूड बोवी सुऱ्यांचे वेड होते. त्याने ते वेड धुडकावून पातळ पात्याच्या लहान सुरीची बाजू घेतली. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी हा वाद दरवर्षी नव्याने खेळावा लागतो, याचा अर्थ आपण कापायला नव्हे, मिरवायला चाकू घेतो असाच नाही का?

कापायचे असते तरी काय? खिचडीचा कांदा, दोरी, पट्टीचे कापड, तंबूसाठी बांबूची खुंटी. आणि एक काम खरोखर जीव वाचवणारे आहे. श्रावणात सगळे लाकूड भिजलेले असते, पण वाळक्या ओंडक्याचे पोट कोरडेच असते. सुरी ओंडक्याच्या टोकावर ठेवून तिच्या पाठीवर दांडक्याने ठोकले की तो उभा चिरतो. आतल्या कोरड्या गाभ्याच्या सालपटासारख्या पातळ ढलप्या काढल्या की भर पावसात जाळ धरतो. थंडीने काकडलेल्या माणसाला त्या वेळी रॅम्बोपेक्षा जाळ हवा असतो. या कामाला पाते साधारण तीन मिलिमीटर जाडीचे, सरळ पाठीचे आणि दातांवाचूनचे लागते. करवती दात असले तर ठोकताना दांडके फाटते, आणि त्या दातांनी लाकूड कापलेले मी तरी कोठे पाहिलेले नाही.

एका कामासाठी मात्र चाकू काढूच नये. साप चावला की जखमेवर चीर द्यावी आणि रक्त ओढून काढावे, असे जुन्या गोष्टींतून वाचून कित्येकांच्या डोक्यात बसले आहे. त्याने विष निघत नाही; उलट रक्त वाहते, जखम चिघळते आणि वेळ जातो. चावलेला भाग न हलवता माणसाला प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात नेणे, एवढाच उपाय. ‘जीव वाचवणारा’ हे नाव पाहून कोणी असली शस्त्रक्रिया करायला बसेल, याची मला खरोखर भीती वाटते.

आता पोलादाचे. स्टेनलेस म्हणजे चांगले, हा आपला स्वयंपाकघरातला समज. ज्यात क्रोमियम सुमारे अकरा टक्क्यांच्या वर, ते पोलाद गंजाला दाद देत नाही हे खरे. पण स्वस्तातले स्टेनलेस पाते मऊ असते, धार लवकर बसते. साधे कार्बनचे पोलाद गंजते, पण धार झटकन घेते आणि पुष्कळ वेळ धरते. स्वीडनमधल्या मोरा गावच्या साध्या सुऱ्या जगभर नावाजल्या आहेत त्या याच साधेपणामुळे. सुतार, शेतकरी, मासेमार अशा कष्टकऱ्यांची ती रोजची सुरी. गंमत अशी की तिच्यातल्या पुष्कळ प्रकारांत पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जातही नाही, तरी ती टिकते. कारण जेवढे जाते तेवढे भक्कम बसवलेले असते. तेव्हा शेपूट टोकापर्यंत हवेच असा हट्टही पोथीनिष्ठच म्हणायचा. ज्यांना ही सुरी वाजवी किमतीत मिळेल त्यांनी अवश्य घ्यावी.

पण माझे मत विचाराल तर आधी आठवड्याच्या बाजाराला जा. तेथे रस्त्याच्या कडेला पालात घिसाडी लोहाराचे बिऱ्हाड असते. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आला आहे, ऐरण मात्र तीच. पुरुष सांडशीत तापले लोखंड धरतो आणि बाई घण घालते. घावागणिक तो लोखंड नेमके किती फिरवतो हे पाहण्यासारखे आहे. (मराठीत ‘घिसाडघाई’ हा शब्द कसा रूढ झाला कोण जाणे, या माणसांच्या कामात घाई औषधालाही दिसत नाही.) कोयती, विळे, खुरपी यांसाठी हे लोक मोटारीचा जुना कमानपाटा वापरतात. खड्ड्यांतून वर्षानुवर्षे लवून पुन्हा सरळ होणारे ते पोलाद. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक. नेपाळातले कामीदेखील खुकरी याच पाट्यांतून घडवतात, आणि पाणी देताना किटलीच्या तोटीने फक्त धारेवरच पाणी सोडतात. धार कडक होते, पाठ चिवट राहते.

‘पाणी देणे’ हा शब्द आपण तलवारीच्या गोष्टींत ऐकतो, पण सुरीचे सारे भवितव्य त्या पाच मिनिटांत ठरते. पाते लालबुंद करून एकदम गार केले की पोलाद काचेसारखे कडक होते, आणि काचेसारखेच ठिसूळ. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवायचे. घासून उजळलेल्या पात्यावर गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळा रंग उमटला की थांबायचे. हा रंग उन्हात नीट दिसत नाही, म्हणून जाणता लोहार हे काम सावलीत करतो. पहिली पायरी राहिली तर पाते वाकते, दुसरी राहिली तर धारेचे कपचे उडतात. परीक्षा सोपी आहे: कानस धारेवरून हलक्या हाताने फिरवावी. ती कचकन चावली तर पाते मऊ आहे, घसरून गेली तर पाणी बसले आहे. मग दांडक्यावर दोन घाव घालून धार बोटाच्या नखावरून हळूच फिरवावी. खरखर लागली तर कपचा उडाला समजावे. लोहार याला रागावत नाही. उलट विचारणारे गिऱ्हाईक आले म्हणून त्याला बरेच वाटते.

त्याला सांगताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पाटा बोटाएवढा जाड असतो, तेव्हा ठोकून तीन मिलिमीटरवर आण. कोयतीच्या सवयीने तो जाड ठेवतो. शेपूट मुठीच्या टोकापर्यंत ठेव आणि बाभळीच्या दोन फळ्या रिव्हेटने बसव. आणि मुठीपुढे ठेच ठेव, म्हणजे ओल्या हाताची बोटे धारेवर सरकणार नाहीत. आमच्या भागात एवढे काम पाचशेच्या नोटेच्या आत होते. म्यान चांभाराकडून वेगळे शिवून घ्यावे लागते. दिसायला सुरी ओबडधोबड होते, पाठीवर काजळी तशीच राहते, हा तिचा दोष कबूल केला पाहिजे. पावसात गंजतेही. पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि निसण्यावर पंधरा दिवसांनी दहा मिनिटे बसलात तर ती तुमच्या पदवीनंतरही टिकेल. निसण्यावर बसायचे नसेल तर कोणताही चाकू घ्या, महिन्याभरात सगळे सारखेच बोथट.

कोणी म्हणेल, मग सरळ कोयतीच का नको? ठाकर, कातकरी माणूस कमरेच्या आकडीत कोयती अडकवून रानात जातो. त्याच्या हातात ती शोभते, कारण ती त्याचे पोट भरते. ऊसतोडणीच्या मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. या घामाच्या हत्याराचे नाव गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२२-२३ च्या सुमारास, पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘गँग’ या शब्दाला जोडून छापले गेले, याचे मला फार वाईट वाटते. पण परिणाम उघड आहे: एसटीत कोयती घेऊन बसलेल्या महाविद्यालयीन तरुणाकडे लोक आता वेगळ्या नजरेने पाहतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत. घरगुती, शेतीच्या वगैरे कामांसाठी केलेले वगळले आहेत खरे, पण स्थानकावर हवालदारासमोर ‘मी शेतीचे काम करतो’ हे पटवणार कसे? चार इंचांची सुरी म्यानात, पिशवीच्या तळाशी, भांड्यांसोबत ठेवावी. कमरेला तर मुळीच नको.

याहून महत्त्वाचे एक कलम आमच्या गिर्यारोहक मित्रांना ठाऊक नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात चाकूही येतो. हरिश्चंद्रगड आणि रतनगड हे १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत. म्हणजे ज्या गडांसाठी आपण हा सारा खटाटोप करतो तेथेच चाकू मिरवता येत नाही, आणि कारवीची एक काठी तोडणेही गुन्हा. तेथे जाताना कांदा घरूनच चिरून न्यावा आणि रात्रीचे जेवण पायथ्याच्या पाचनईत किंवा रतनवाडीत सांगावे. सुरीला काम मिळेल ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, शेतावरच्या मुक्कामात, अभयारण्याबाहेरच्या डोंगरांवर. तेथेही दहा जणांच्या तुकडीला एकच सुरी पुरते. ती तुकडीच्या प्रमुखाकडे असावी, आणि निसणाही त्याच्याच पिशवीत.