गच्चीवरचं विमान

परवा जुन्या नाशकात इफ्तारला माझा एक जुना विद्यार्थी भेटला. बारावीनंतर आयटीआयमधून फिटर झाला, पण दीड वर्ष घरीच आहे. अंबड-सातपूरचे उंबरठे झिजवून झालेत. खजूर हातात घेत म्हणाला, ‘‘सर, एक दिवस स्वतःचं छोटं विमान घेणार!’’ सगळे हसले. मी म्हणालो, ‘‘आधी नोकरी बघ, बेटा.’’ तरावीहला उभा राहिलो तरी ते वाक्य मलाच बोचत होतं.

नाशिकच्या पोराला विमानाचं वेड लागलं तर नवल काय? ओझरचा कारखाना १९६४चा. तिथं मिग झाले, सुखोई झाले. कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी तर इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. पण यादव पेशाने वैमानिक. ज्याला पगारच नाही, त्याला आपण लगेच शेखचिल्ली ठरवतो.

जकातीचा अडीच टक्क्यांचा हिशेब आपण चोख करतो आणि रेशनच्या पिशव्या वाटून मोकळे होतो. पिशवी हवीच, भूक आधी. पण गरजू तरुणाला हत्यारांची पेटी, कोर्सची फी, मुलाखतीचं गाडीभाडंही याच पैशातून देता येईल. दोन-तीन घरांनी मिळून एक मुलगा निवडला तरी पुष्कळ.

आणि ज्यांचा जकातीशी संबंध नाही, पण स्वतःचं वर्कशॉप आहे, त्यांनाही सांगतो : पोरगा फिटर आहे, हात चांगला आहे.