प्रकाशाचे तारतम्य

नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गालगत, त्रिरश्मी नावाचा डोंगर आहे. या डोंगराच्या कुशीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. वैशाखातील रखरखीत दुपारी पायऱ्या चढून वर आलेला प्रवासी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाऊल टाकतो, तेव्हा पहिल्या क्षणी त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. तो उंबऱ्याशी थबकतो. थोड्या वेळाने भिंती दिसू लागतात, मग भिक्षूंच्या कोठड्यांची दारे दिसतात आणि अखेर समोरच्या भिंतीवर कोरलेला स्तूप अंधारातून हळूहळू वर येतो. लेणे तेच असते आणि आतला उजेडही तेवढाच असतो. बदललेला असतो तो केवळ पाहणाऱ्याचा डोळा.

निसर्गाने डोळ्याला दिलेली ही शक्ती विलक्षण आहे. भर उन्हात डोळ्यातील बाहुली आकुंचन पावून दोन मिलिमीटरांएवढी होते. अंधारात ती सात-आठ मिलिमीटरांपर्यंत विस्तारते. हे काम काही सेकंदांतच होते. परंतु तेवढ्याने भागत नाही. प्रकाश मोजण्याचे लक्स नावाचे एक परिमाण आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, चांगल्या उजेडाच्या वर्गखोलीत तो ३०० ते ५०० लक्स असतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही. एवढे मोठे अंतर एकटी बाहुली कशी कापणार? उरलेले काम डोळ्याच्या आतील दृष्टिपटल करते. तेथील दंडाकार पेशी अंधुक उजेडात पाहण्यासाठी असतात. त्यांना पूर्णपणे तयार होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात.

डोळ्याच्या या गुणाचे एक लहानसे अनुकरण आज घरोघरी आढळते. ते म्हणजे मोबाइल फोनच्या पडद्याचा उजेड आपोआप कमीजास्त होण्याची सोय. फोनच्या वरच्या कडेशी, समोरच्या कॅमेऱ्याच्या शेजारी, किंवा काही फोनांत पडद्याच्याच खाली, एक इवलासा प्रकाशसंवेदक बसवलेला असतो. त्यावर जितका अधिक प्रकाश पडतो, तितका अधिक विद्युतप्रवाह त्यातून वाहतो. हा प्रवाह मोजून फोनमधील यंत्रणा भोवती किती उजेड आहे हे ठरवते आणि त्या प्रमाणात पडदा उजळ किंवा मंद करते. चालता चालता झाडाची सावली क्षणभर पडली, तर पडदा लगेच लुकलुकू नये, म्हणून ही यंत्रणा थोडी थांबते, काही क्षणांचा अंदाज घेते आणि मगच बदल करते. २००७ साली बाजारात आलेल्या पहिल्या आयफोनमध्येही ही सोय होती. आज साध्या फोनांतही ती सर्रास आढळते.

ही सोय उपयुक्त आहे, यात शंका नाही. पंचवटीच्या बाजारात भर उन्हात उभ्या असलेल्या भाजीवाल्या बाईला आलेला निरोप वाचायचा असतो; पडदा मंद असेल तर तिला अक्षर दिसत नाही. तोच फोन रात्री अंधाऱ्या खोलीत उघडला आणि पडदा दुपारइतकाच प्रखर राहिला, तर डोळे दिपतात. शिवाय फोनमधील विजेचा मोठा वाटा पडद्याच्या उजेडावर खर्च होतो. गरज नसताना पडदा मंद झाला की बॅटरी अधिक काळ टिकते. यंत्र आपोआप काम करू लागले की माणूस आळशी होतो, अशी तक्रार नेहमीच ऐकू येते. या बाबतीत मात्र तिच्यात फारसा अर्थ नाही. दिवसातून पन्नास वेळा पडदा हाताने कमीजास्त करीत बसण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. जे काम यंत्र बिनचूक करते, ते त्याला खुशाल करू द्यावे.

प्रश्न उद्भवतो तो पुढे. भोवतालचा उजेड जाणणे आणि उजेड कसा वापरावा हे जाणणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मोजमाप पुरते. दुसरीला तारतम्य लागते.

वीज खेडोपाडी पोचण्यापूर्वी घराघरांत कंदील असे. त्याची चावी फिरवून वात वर-खाली करण्याचे काम बहुधा घरातील वडीलधारी स्त्री करी. संध्याकाळी मुले पाटी-पुस्तक घेऊन बसली, की ती वात वर करी. मात्र काच काजळणार नाही, इतपतच. मुले झोपली, की वात खाली करी. घरात कोणी आजारी असेल, तर कंदील दाराआड ठेवी, म्हणजे रुग्णाच्या डोळ्यांवर उजेड येत नसे आणि रात्री उठणाऱ्याला वाटही दिसे. बाटलीत रॉकेल किती उरले आहे आणि बाजाराचा दिवस किती लांब आहे, हेही तिच्या ध्यानात असे. वात फिरवताना तिला खोलीतील उजेडाबरोबर खोलीतील माणसेही दिसत असत.

फोनमधील संवेदकाला माणसे दिसत नाहीत. त्याच्यावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढेच त्याचे जग. फोन आडवा धरून खेळणाऱ्या मुलाचा अंगठा चुकून त्या ठिकाणी आला, तर भर दिवसा रात्र झाली असे समजून यंत्रणा पडदा मंद करते. शेजारी आजीचा डोळा नुकताच लागला आहे, हे तिला कळत नाही. कालिदास कलामंदिरात नाटक रंगात आलेले असताना कोणी फोन उघडला, तर यंत्रणा तत्परतेने पडदा मंद करते. परंतु मागच्या रांगेतील प्रेक्षकाच्या डोळ्यांत तो मंद पडदाही खुपतो. त्या वेळी फोन खिशातच राहायला हवा होता, हे सांगणे यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यावर कोणी म्हणेल, की यंत्रे दिवसेंदिवस अधिक शहाणी होत आहेत. उद्या त्यांना हेही कळेल. या म्हणण्यात तथ्य आहे. २०१८ साली गूगल कंपनीने अँड्रॉइड प्रणालीच्या नवव्या आवृत्तीत अशी योजना आणली, की फोन आपल्या मालकाच्या सवयी शिकू लागला. कोणत्या उजेडात मालक पडदा हाताने किती कमी किंवा जास्त करतो, हे लक्षात ठेवून पुढे तो स्वतःच तसे करतो. परंतु येथेच नीट विचार केला पाहिजे. असा फोन शिकतो कोणाकडून? मालकाकडूनच. रात्री अंधारात पडदा प्रखर करण्याची ज्याला सवय, त्याचा फोन तीच सवय उचलतो आणि दुसऱ्या रात्री न सांगता पडदा प्रखर करून देतो. जो धन्याची चूक शिकून घेतो, तो चाकर आज्ञाधारक खरा. पण त्याच्याकडून धन्याला चार शहाणपणाचे शब्द ऐकायला मिळतील, अशी आशा व्यर्थ होय.

डोळ्यांच्या रक्षणाच्या दृष्टीने हा विचार फार महत्त्वाचा आहे. पडदा आपोआप मंद होतो, तेव्हा कितीही वेळ पाहिले तरी डोळ्यांना अपाय नाही, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. माणसाची पापणी सामान्यतः मिनिटाला सुमारे पंधरा वेळा लवते. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण पुष्कळ घटते, त्यामुळे डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. पडदा मंद झाला म्हणून पापणी अधिक लवत नाही. रात्रीचा प्रखर उजेड झोप लांबवतो, हे खरे. पण उजेड मंद झाला, तरी पडद्यावरील खेळ किंवा गोष्ट मनाला जागे ठेवतेच.

याहून गंभीर बाब म्हणजे निकटदृष्टिता, म्हणजेच जवळचे स्पष्ट पण दूरचे अंधुक दिसणे. जी मुले रोज बराच वेळ घराबाहेर मोकळ्या उजेडात घालवतात, त्यांना हा दोष जडण्याचे प्रमाण कमी असते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. तैवानमध्ये २०१० साली शाळांतील मुलांनी दररोज दोन तास घराबाहेर घालवावेत, असा उपक्रम सुरू झाला. त्यानंतर तेथील मुलांची दृष्टी अधू होण्याचे वर्षानुवर्षे वाढत चाललेले प्रमाण उतरू लागले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. झाडाच्या सावलीतही हजारो लक्स प्रकाश असतो. बंद खोलीत त्याचा अल्प अंशही नसतो. संवेदक कितीही उत्तम असला, तरी तो मुलाला हात धरून मैदानावर नेऊ शकत नाही.

त्रिरश्मीच्या पायथ्याशी एका थोर माणसाचे स्मारक आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांचे ते स्मारक. त्यांचा जन्म १८७० साली याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर येथे झाला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रदर्शित केल्यावर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला आणि १९४४ साली नाशिकमध्येच देह ठेवला. त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग या विषयाशी निगडित आहे. १९११ च्या सुमारास चित्रपटाची कला आत्मसात करण्याच्या ध्यासाने ते दररोज चार-पाच तास चित्रपट पाहत. उरलेला वेळ विचारांत आणि प्रयोगांत जाई. झोप जेमतेम तीन तास मिळे. विश्रांती घेण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. डोळ्यांवरचा ताण वाढत गेला आणि शेवटी त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी त्यांची दृष्टी परत आली आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने त्यांनी पुन्हा काम सुरू केले.

फाळके यांच्यापुढे फार मोठे कार्य होते. ते जे पाहत होते, ते शिकण्यासाठी आणि नवे निर्माण करण्यासाठी. तरीही शरीराने त्यांना सवलत दिली नाही. मग रात्री पांघरुणाखाली फोन धरून जो मुलगा एकामागून एक चित्रफिती पाहत राहतो, त्याला ती कशी मिळावी? फाळके यांना थांबा म्हणणारी माणसे तरी होती. पांघरुणाखाली असलेल्या मुलाजवळ फक्त फोन असतो, आणि तो अंधार ओळखून पडदा आणखी थोडा मंद करतो, एवढेच. पाहणे सुखाचे व्हावे, हेच त्याचे काम. पाहणे पुरे झाले, हे सांगण्याचे काम त्याला कोणी दिलेले नाही.

म्हणून या सोयीचा धिक्कार करू नये आणि तिच्यावर विसंबूनही राहू नये. पडद्याचा उजेड ठरवण्याचे काम फोनकडे खुशाल सोपवावे. परंतु पडदा केव्हा उघडावा, किती वेळ पाहावा, कोणासमोर तो मिटावा, दर वीस मिनिटांनी नजर उचलून खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाकडे केव्हा वळवावी आणि झोपेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा निश्चय कसा पाळावा, ही कामे ज्याची त्यानेच केली पाहिजेत. ती कामे लहान आहेत, पण जो ती रोज करतो, त्याच्या हाती कंदिलाची चावी राहते.

शाळेची सहल पांडवलेण्यांना गेली, की मुले लेण्याच्या दारात पोचताच फोन काढून त्याचा दिवा लावतात आणि आत शिरतात. दिव्याच्या झोतात भिंतीचा तेवढाच तुकडा दिसतो; बाकीचे लेणे अधिकच काळे होते. एखादे मूल मात्र फोन खिशात ठेवून काही वेळ अंधारात स्वस्थ उभे राहते. प्रथम त्याला काही दिसत नाही. मग हळूहळू संपूर्ण दालन त्याच्यासमोर उभे राहते, आणि समोरच्या भिंतीवरचा स्तूपही.